फ्लॅट बघायचा तर मे महिन्यात बघा

दिवाळी झाल्या झाल्या भाचा जालन्याहून आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला आला आणि चहा व्हायच्या आतच त्याने मोबाईल पुढे केला. "मामा, देवळाईकडे टू बीएचके मिळतोय, ३८ लाख. बिडकीनला टोयोटा येतेय. भाड्यातच हप्ता निघेल." टोयोटा सोडली तर २०२२ साली मी शब्दन् शब्द हेच बोलत होतो.

तेव्हा मी इथल्याच, देवळाईला लागून असलेल्या सातारा परिसरात फ्लॅट घेतला. ३६ लाखांना, त्यात २५ लाख कर्ज. एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्क्याने कमी लागतं, म्हणून खरेदीखत बायकोच्या नावावर. तेव्हापासून कागदोपत्री मालकीण ती आणि फोन मला! हप्ता वाढत वाढत २२ हजारांवर गेलाय, भाडं साडेदहा. वर्षाचे सव्वा लाख, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्के, आणि त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स. यापेक्षा एफडी बरी. पण तोंडाने काहीही म्हणत असलो तरी हे गणित मला आधीच माहीत होतं. किंमत वाढेल या भरवशावर घेतला होता.

माहीत नव्हतं ते पाण्याचं. आम्ही फ्लॅट बघायला गेलो तेही दिवाळीनंतरच. एजंटाने स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि चांगला मिनिटभर तसाच ठेवला. "सर, प्रेशर बघा." बोअर भरलेला होता, येणारच की प्रेशर.

फेब्रुवारीत बोअर गचके द्यायला लागला. आता रोज सकाळी वॉचमन खालच्या टाकीत बांबू बुडवतो आणि कुठवर ओला झाला त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो. आमची इमारत २४ फ्लॅटची. गेल्या मे महिन्यात रोज दोन टँकर, टँकरला १४०० रुपये. महिन्याचे ८४ हजार, म्हणजे फ्लॅटमागे साडेतीन हजार. हे पैसे भाडेकरू भरतो. म्हणजे त्याला घर पडतं १४ हजारांना. तेवढ्यात त्याला गारखेड्यात घर मिळतं, आणि तिथे उशिरा का होईना, नळाला पाणी येतं. मग तो कशाला थांबेल? तीन वर्षांत माझे तीन भाडेकरू झाले, आणि दर वेळी घर दोन-दोन महिने रिकामं. कंपन्या येतील, माणसंही येतील, पण ती आंघोळही करणार ना?

सध्या एक तरुण जोडपं आहे, तो शेंद्र्याला नोकरीला. भाडं वाढवायचं म्हणून गेलो, तर त्याच्या बायकोने भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवलं. दुधाचे खाडे मांडतात तशा टँकरच्या खाड्यांच्या फुल्या. "काका, भाडं वाढवा, पण मग टँकरचं तुम्ही बघा." मी चहा पिऊन परत आलो.

२०२० मध्ये १६८० कोटींच्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं, तेव्हाही "आता सातारा-देवळाईचे भाव बघा" असं म्हणणारे होते. जायकवाडीहून येणारे पाइप मी पाहिलेत. अडीच मीटर व्यासाचे, आत माणूस उभा राहील. आमच्या टाकीत मात्र अजून टँकरचंच पाणी. धरण उशाला अन् कोरड घशाला, दुसरं काय.

भाच्याला आणखी एक सांगितलं. अकरा महिन्यांचा करार नोटरीवर उरकू नको. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने कराराची नोंदणी लागतेच आणि ती जबाबदारी मालकाची. केली नाही आणि उद्या वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. हे त्याने लिहून घेतलं. पाण्याचं घेतलं नाही.

म्हटलं, घ्यायचाच असेल तर मेपर्यंत थांब. एजंटाला सोड, खालच्या मजल्यावरच्या बाईला विचार, टँकर किती वाजता येतो. आणि तिच्याकडेच पाणी प्यायला माग.

काल त्याने व्हिडिओ पाठवला. स्वयंपाकघरातला नळ, धो धो वाहतोय. खाली लिहिलंय, "मामा, प्रेशर बघा."