जुन्या कोयत्याबद्दलच्या तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. जुना कोयता दुरुस्त केल्याच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की आजोळचा जुना कोयता घासून, त्याची मूठ बदलून मी वारशाचं वाटोळं केलं. एवढं करायचंच होतं तर ग्राइंडरवर पाच मिनिटांत झालं असतं. आणि पुण्यातून ‘कोयता गँग’च्या बातम्या येत असताना कोयत्याचं कौतुक करणं बेजबाबदारपणाचं आहे.

आधी गंज. तुम्ही ज्याला काळाची खूण म्हणता त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लाल, भुसभुशीत गंज ओल धरून ठेवतो आणि आतून लोखंड खात राहतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. काळा, घट्ट थर मात्र पात्याला धरून बसतो आणि खालचं पोलाद बऱ्यापैकी राखतो. मी लाल काढला, काळा ठेवला. पातं ब्रशने घासून मोठ्या पातेल्यात पाण्यात उकळलं. उकळल्यावर उरलासुरला बारीक लाल गंज काळा पडतो. वर मखमलीसारखी काजळी दिसते. ती स्टीलवूलने हलक्या हाताने पुसली की खाली करडा-काळा रंग पक्का राहतो. शेवटच्या फोटोतला रंग तोच, वरून काही फासलेलं नाही. या घासण्यातच मुठीजवळ लोहाराचा ठसा उघडा पडला, एका ओळीत तीन ठिपके. गंज जपला असता तर त्याने हा ठसाच खाल्ला असता.

ग्राइंडर मी मुद्दाम टाळला. धारेकडची बाजू पातळ, ती बघता बघता तापते. निळी झाक दिसली की पोलाद साधारण 300 अंश सेल्सिअसला पोचलं, लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे तापवून विझवून आणलेला कडकपणा, उतरलं, असं समजा. मग ती धार फांदीच्या पहिल्याच गाठीवर मुडपते. कानशीने वेळ लागतो खरा, पण पातं कळतं. मुठीजवळ कानस लोखंड धरत होती आणि पुढे बाकाशी घसरत होती. म्हणजे त्या लोहाराने जिथे घाव बसतो तेवढ्याच भागाला कडक पाणी दिलं होतं. वारसा म्हणाल तर माझ्या लेखी हा आहे.

मूठ वाळवीने पोखरली होती, आत शेपूट, म्हणजे पात्याचं मुठीत जाणारं टोक, हलत होतं. घाव घालताना पातं निसटलं तर पायावरच येतं. नवी मूठ बाभळीची. हातात फिरू नये म्हणून थोडी चपटी ठेवली, घामेजल्या हातातून सुटू नये म्हणून टोकाला फुगवटा दिला. पात्याला ओलं फडकं गुंडाळून फक्त शेपूट तापवलं आणि भोकात ठोकून बसवलं. शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडाचं धातूचं कडं, जुनीच आहे. तसंही मूठ झिजली की बदलायची, ही वाडीतली नेहमीची रीत.

आता गँगचं. तुमची काळजी रास्त आहे, त्या बातम्या वाचून मलाही धडकी भरते. पण कोयता ही आधी कष्टकऱ्याची वस्तू आहे. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून लागतं, उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, त्यावरच ठरते. कोकणात, गोव्यात कमरेच्या आकडीत कोयती अडकवून माणसं बागेत जातात. 1959 च्या शस्त्र कायद्यातही निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. पण तेवढ्यावरून कोयता रस्त्यावर मिरवायला कोणी मोकळा होत नाही. माझा कोयता परसातून बाहेर जात नाही; नारळ सोलणं आणि कुंपण साफ करणं एवढंच त्याचं काम. लेख वाचून काहींनी त्यांच्या कोयत्याला दाते पाडून, ‘खतरनाक लूक’ देऊन हवा म्हणून विचारलं. त्यांना मी साफ नाही म्हटलं, आणि पुढेही कुणी विचारलं तर नाहीच म्हणेन.