छप्पन्न डिग्री आणि मामाजी

मे महिन्यात नागपूरकर कूलरपुढून हलत नाही, आणि कूलरपुढे जो बोलेल त्याचं ऐकून घेण्यावाचून इलाज नसतो. आमच्याकडे मामाजी बोलतात. माझे सासरे. सकाळी आठलाच नागपूरच्या महाल भागातून येतात, ऊन उतरल्यावर जातात. मधल्या वेळात त्यांचा मोबाइल असतो आणि मी असतो.

"जवाईबापू, छप्पन्न डिग्री! आपल्या नागपुरात!"

हा फॉरवर्ड दर उन्हाळ्यात नव्याने फिरतो. अगदीच बिनबुडाचा नाही म्हणा. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्राने खरंच ५६ अंश दाखवले होते. हवामान खात्याने मागाहून सांगितलं की सेन्सर बिघडला होता. शहर ४५ च्या आसपासच तापलं होतं, जे आपल्याकडे रोजचंच. मी हे सगळं मामाजींना सांगितलं.

"बिघडलं म्हणतेत न? मंग खरंच असन. नाहीतर सांगाले कायले आले असते?"

म्हणजे खात्याने कबूल केलं तर छप्पन्न, नाकारलं तरी छप्पन्न, आणि गप्प बसलं असतं तर बहुधा साठ. असल्या युक्तिवादाला कुठून हात घालायचा?

तेवढ्यात सासूबाई आमरसाचं पातेलं घेऊन आल्या. मी नको म्हटलं. "राहू द्या. आमच्या हातचा कुठं आवडते तुमाले." केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानदारांच्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, तिच्यात ही आहे. 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं बटण, दाबणाऱ्याला लाज वाटावी म्हणून. ते निदान कोणी न बघता दाबता येतं. मी वाटी पुढे केली.

मामाजींनी खिशातून कांदा काढून टेबलावर ठेवला. "इतक्या वर्षांत लू लागली नाही. याच्यानं."

"पण मामाजी, तुम्ही दुपारी बाहेर पडताच कुठे?"

"नाही पडत. पण कांदा तर रोज असते न खिशात?" मग जरा थांबून, "तुमाले लागली काय कधी लू?"

"नाही."

"तुमच्या खिशात कांदा आहे?"

"नाही," मी विजयी मुद्रेने म्हणालो.

"पाहा! अन् दिवसभर बसता कोणाच्या बाजूले?"