एकच रेकॉर्ड आणि मोंढ्यातल्या तीन रात्री

आज परभणीला धाकट्या बहिणीच्या घराची वास्तुशांत होती. पंगत बसायला अवकाश होता, म्हणून भाच्याने ब्लूटूथच्या डब्यावर एक गाणे लावले. वार शनिवार, म्हणून मुद्दाम शोधून ‘आज शनिवार’. बंगाली उच्चारात ते ‘आज शोनिबार’ असे ऐकू येते, पण अर्थ आपल्याला कोणाला विचारावा लागत नाही. मेहुण्यांना आधी ते मारुतीचे गाणे वाटले, इथपर्यंत मीही हसले. मात्र भाच्याने जेव्हा सांगितले की ही कोलकात्याची रूपा बिस्वास, 1982 साली हिची एकच डिस्को रेकॉर्ड निघाली आणि तीही खपली नाही, तेव्हा मेहुणे म्हणाले, “एका रेकॉर्डवर कोणी गायिका होत नसतं.” हे वाक्य त्यांनी जिथे उभे राहून उच्चारले, तिथून चार हातांवर माझी मावशी येसर आमटी ढवळत होती.

मावशीची हकीकत आमच्या घरात कोणी काढत नाही, म्हणून मी इथे काढते. 1981 च्या गणपतीत मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, मंडळाने ऑर्केस्ट्रा ठेवला होता आणि बाहेरगावची गायिका आयत्या वेळी आलीच नाही. तेव्हा बारावीत असलेल्या मावशीला कोणीतरी स्टेजवर चढवले आणि तिने ‘कुर्बानी’तले नाझिया हसनचे गाणे म्हटले. पाऊस झालेला असल्यामुळे माइकच्या दांड्याला हात लागला की झटका बसे, म्हणून त्याला रुमाल गुंडाळलेला होता. हमाल ज्वारीच्या पोत्यांवर बसून ऐकत होते. अशा तीन रात्री झाल्या, चौथ्या दिवशी आजोबा म्हणाले, “झालं तेवढं पुरे,” आणि पुढच्या वैशाखात मावशीचे लग्न लागले.

रूपाताईंची गोष्ट ऐकताना मला हा मोंढाच दिसतो. त्या कॅनडात कॅल्गरीला भावाकडे गेल्या होत्या. तिथे त्यांचे गाणे झाले आणि मैहर घराण्याचे सरोदवादक आशीष खाँ, म्हणजे अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव, यांच्यासोबत ही रेकॉर्ड तयार झाली. तबल्यावर त्यांचे बंधू प्राणेश खाँ होते, गिटार आणि ड्रम तिथल्या वादकांचे. ‘डिस्को जॅझ’ नावाच्या त्या रेकॉर्डवर चारच तुकडे आहेत, त्यांतल्या एकाचे नाव ‘मजा भारी मजा’, जे आपल्याकडचे कोणी सहज म्हणून जाईल. ‘आज शनिवार’मध्ये सरोद आणि डिस्कोचा ठेका एकमेकांच्या पायात न येता आठ मिनिटे चालतात, हे ज्याला ऐकू येत नाही त्याने गायिका कोण आणि कोण नाही हे ठरवू नये.

रेकॉर्ड खपली नाही, हे खरे आहे. त्याच वर्षी डिसेंबरात मिथुनचा ‘डिस्को डान्सर’ आला आणि बप्पीदांच्या चाली वरातीपर्यंत पोहोचल्या. रूपाताईंच्या मागे ना चित्रपट होता, ना पडद्यावर नाचणारे कोणी. नाझियाची ‘डिस्को दीवाने’ही चित्रपटाशिवायच गाजली, असे कोणी म्हणेल, ठीक आहे, मान्य, पण तिच्याआधी ‘कुर्बानी’ने तिचे नाव घरोघरी नेले होते. नाव आधी आणि गाणे मागून, हा आपला जुना शिरस्ता आहे, आणि ज्याचे नाव पोहोचले नाही त्याचा गळाच कमी पडला असे आपण बेधडक म्हणतो! मला या गोष्टीचा मनापासून संताप येतो.

पुढे इंटरनेटवर ते गाणे फिरू लागले, जुन्या प्रती शेकडो डॉलरना विकल्या गेल्या आणि 2019 मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने ती रेकॉर्ड पुन्हा काढली. सदतीस वर्षांनी का होईना, बाईंना आपला आवाज जगभर गेलेला पाहता आला. परदेशातून पावती आल्यावर आपल्याकडची मंडळी मान डोलावू लागली, याबद्दल मी आणखी तिखट लिहिणार होते. पण रूपाताईंची निदान रेकॉर्ड तरी उरली. मावशीच्या तीन रात्रींपैकी एका रात्रीची कॅसेट होती, तिच्यावर पुढे घरच्यांनीच कीर्तन भरून घेतले. कीर्तन चांगले आहे, मी ऐकले आहे. मध्ये एके ठिकाणी बुवा श्वास घ्यायला थांबतात तेव्हा मागे काही ऐकू येते का, म्हणून लहानपणी मी कान लावून बसत असे. काही येत नाही.

मेहुण्यांच्या वाक्यावर मी काही बोलले नाही, त्याचा राग आता लिहिताना स्वतःवरच येतो आहे. मावशीही बोलली नाही. तिने गॅस बारीक करायचा सोडून पळी हातात तशीच धरली आणि गाणे संपेपर्यंत उभी राहिली. मग भाच्याला विचारले, “केवढं मोठं गाणं आहे रे हे?” तो म्हणाला, “आठ मिनिटं, आजी.” “आठ? मला तर दुसऱ्या कडव्यालाच उतरवायचे. नकला करणारा खोळंबलेला असायचा.”

आमटी तोवर बुडाला लागली होती. मेहुण्यांनी पहिल्याच घासाला ते बोलून दाखवले. मावशी म्हणाली, “लागली खरी, जावईबापू,” आणि त्यांच्या वाटीत आणखी एक पळी वाढून पुढच्या पानाकडे गेली.