६१७४ ही विश्वाची संख्या नव्हे

कोणतीही संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४च येते, आणि म्हणून ही निसर्गात दडलेली गूढ, विश्वाची संख्या आहे, असा मजकूर सर्रास फिरतो. देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेला हा गुणधर्म खरा आहे. त्याच्या अटी गाळून तो पसरवला जातो, आणि हा त्यांच्या कामावर अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

‘कोणतीही संख्या’ हे म्हणणेच आधी चुकीचे आहे. संख्या चार अंकी हवी आणि तिचे चारही अंक सारखे नसावेत. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी संख्या (शून्यावर न गेल्यास) ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फेऱ्यात फिरतात. पाच अंकांत तर थांबण्याचे ठिकाणच नाही: ५३९५५ मधून ५९९९४ येते आणि ५९९९४ मधून पुन्हा ५३९५५.

डावीकडचे शून्यही टिकवावे लागते. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९. हे शून्य पुसले तर पुढची वजाबाकी ९९९ वजा ९९९ होऊन सारे तिथेच संपते. ठेवले तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४.

‘विश्वाची संख्या’ हा दावा तर संख्यालेखनाचा पाया (आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत तो १० असतो) बदलताच कोसळतो, कारण अंकांची अदलाबदल ही संख्येवरची नव्हे, तिच्या लेखनावरची क्रिया आहे. पाया ८ मध्ये हीच संख्या १४०३६ अशी लिहिली जाते, म्हणजे ती चार अंकीही उरत नाही. पाया ५ मध्ये चार अंकी संख्या ३०३२ वर थांबतात, जिची दशमान किंमत ३९२ आहे. द्विमान पद्धतीत (पाया २) ०१११ आणि १००१ अशी दोन ठिकाणे आहेत.

राहिला ‘गूढ’ हा शब्द. चार अंकी लेखने मोजकीच असल्यामुळे ही क्रिया कधीतरी पुन्हा त्याच संख्येवर येणारच; विशेष एवढेच की दशमान पद्धतीत सगळ्या वाटा एकाच संख्येला मिळतात, आणि त्याही जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाला ९९९ ने आणि मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणून बेरीज केली की वजाबाकीचे उत्तर मिळते. फरकांच्या जोड्या फक्त ५४ असल्यामुळे पहिल्याच पायरीनंतर ५४ संख्या उरतात, आणि त्या वहीत एका बैठकीत तपासता येतात. त्यांतली ६ आणि २ ही जोडी ५९९४ अधिक १८०, म्हणजे ६१७४ देते. तिचे अंक ७, ६, ४, १ असे लावले की फरक पुन्हा ६ आणि २ च निघतात.