तीन शिक्क्यांची पिशवी

आज तहसीलला सेतूच्या खिडकीतून लेकीचा उत्पन्नाचा कागद परत आला. तलाठी अहवालावर नाव बरोबर, सही बरोबर, तारीख बरोबर. शिक्का मात्र खाडीपल्याडच्या सजाचा, म्हणजे तिथल्या तलाठी कार्यालयाचा! प्रवेशाची मुदत परवा संपते. मी खिडकीवरच आवाज चढवला, कबूल आहे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

तसाच गावी परतलो तर सजाला कुलूप. कोतवाल कट्ट्यावर विडी ओढत बसलेला. “मॅडम आज थंय. हंय गुरुवारी.” पाटीवर आता ‘तलाठी’च्या जागी ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं भारदस्त लिहिलंय. पाटी नवी, कुलूप जुनंच.

आमच्या मॅडमकडे तीन सजे आहेत. एक स्वतःचा, दोन ‘अतिरिक्त कार्यभार’. तीन गावांचे तीन शिक्के एका प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. गेल्या गुरुवारी मी समोरच उभा होतो. लाइट गेलेली, दारात तीसेक माणसं, फोनवर वरचे साहेब अहवाल मागतायत. तिने पिशवीत हात घातला आणि हाताला आला तो शिक्का मारला. मीही बघितलं नाही. घाईत कोण बघतं?

आणि आपल्याकडे एका माणसाने किती पदं धरावीत यावर नियम नाहीत असं नाही. खासदार आणि आमदार एकाच वेळी राहता येत नाही. चौदा दिवसांत आमदारकी सोडली नाही तर खासदारकी जाते, १९५० पासून तसा नियम आहे. दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून उभं राहायचं नाही, हे १९९६ मध्ये ठरलं. खासदाराने सरकारचं ‘लाभाचं पद’ धरायचं नाही, या नियमाने २००६ मध्ये जया बच्चन यांची राज्यसभेची जागा उत्तर प्रदेशातल्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदापायी गेली. पैसे घेतले की नाही हा मुद्दाच नव्हता, मिळण्यासारखे होते एवढं पुरलं. पण त्याच वर्षी संसदेने पदांची एक लांबलचक यादी त्या नियमातून वगळली, तीही मागच्या तारखेपासून. राष्ट्रपती कलामांनी विधेयक परत पाठवलं, तर तेच पुन्हा मंजूर करून घेतलं. वरच्या खुर्च्यांसाठी कायदा मागे जाऊन बदलतो. माझ्या कागदावरचा शिक्का बदलायला गुरुवार लागतो!

आपल्या झेडपीचंच घ्या. रत्नागिरी काय, सिंधुदुर्ग काय, मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि सीईओच प्रशासक झाले. प्रस्ताव पाठवणारे तेच, मंजुरी देणारेही तेच. आपल्या वाडीच्या साकवासाठी, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलासाठी, भांडायला तेव्हा सदस्यच नव्हता. कामं भराभर झाली म्हणतात. झाली असतील.

रिकाम्या जागेचं काम कुणीतरी बघायलाच हवं, तेही मान्य. १९८१ च्या वेतन नियमांत अतिरिक्त कार्यभाराला जादा वेतनाची सोय आहे, तेही मान्य. पण चार दिवसांसाठी दिलेला चार्ज वर्षानुवर्षं चालतो तेव्हा त्याला सोय म्हणायचं? २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४६४४ जागा निघाल्या, १० लाखांच्या वर पोरांनी अर्ज केले. माणसं नाहीत असं मला कुणी सांगू नये.

संतापाने मॅडमना फोन लावला. खूप बोलायचं होतं. त्या आधीच म्हणाल्या, “काका, चूक माझीच. सकाळपासून डोकं चालत नव्हतं.” पलीकडे एसटीचा हॉर्न वाजत होता. लातूरकडची पोरगी. पावसाळ्यात खाडीतली होडी बंद असते, मग पुलाला वळसा घालून स्कूटीवर तीन गावं फिरते. गुरुवारी साडेतीन वाजता तिचा वडापाव तसाच कागदात पडलेला मी बघितला होता. आपण मात्र चावडीवर बसून ‘मॅडम भेटतच नाहीत’ म्हणतो. मीच कितीदा म्हटलंय.

बोलायचं राहिलंच. म्हणाल्या, “उद्या मी पलीकडेच आहे. तुम्हीच या ना इकडे, पिशवी सोबत असते.”

म्हणजे माझ्या गावचा शिक्का घ्यायला उद्या मी पुलावरून खाडीपलीकडे जाणार. त्या बाजूला कुणाचं काही काम असेल तर रात्रीच सांगा, गाडीत दोघांची जागा आहे.