फरश्या किती लागतील?

गेली सत्तावीस वर्षे मी सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, आणि 'एका आयताकृती दिवाणखान्याची लांबी अमुक व रुंदी तमुक असल्यास त्यात बसवण्यासाठी फरश्या किती लागतील व एकूण खर्च किती येईल?' हे उदाहरण मी दर वर्षी न चुकता फळ्यावर लिहीत आलो आहे. हे उदाहरण मला मनापासून आवडते, कारण त्याचा स्वभाव फार सोशीक आहे. त्यातली खोली सांगितल्याप्रमाणे आयताकृती असते, फरशी खोलीला नि:शेष भाग देते, दुकानदार एकच दर सांगतो आणि शेवटपर्यंत त्याच्यावर ठाम राहतो. शिवाय उदाहरणातल्या गृहस्थाला पत्नी नसते, आणि असलीच तरी तिला फरशीच्या रंगाविषयी मत नसते.

आमचे घर गावभागात आहे, एवढे म्हटले की सांगलीकराला पुढचे सांगावे लागत नाही. परगावच्या वाचकांसाठी सांगतो की सांगलीत फूट या मापाची ओळख पट्टीवर होत नाही, आयर्विन पुलावर होते. कृष्णेचे पाणी पुलाशी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ वर गेले की धोका, आणि त्यापुढे प्रत्येक फुटाला कोणाच्या घरात पाणी शिरणार हे आमच्याकडे लहान मुलेही सांगू शकतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमचा फूट आला. पाणी ओसरले, चिखल आम्ही उपसला, पण वडिलांनी घातलेली शहाबादी फरशी त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही. खालचा मुरूम बसल्यामुळे काही फरश्या पोकळ वाजू लागल्या, काही डुलू लागल्या, आणि दिवाणखान्यातल्या एका विशिष्ट फरशीवर पाय पडला की कोपऱ्यातले कपाट आपोआप उघडू लागले. पाच-सहा वर्षे आम्ही त्या फरशीला वळसा घालून चाललो. अखेर एका पाहुण्यांच्या हातातला चहा त्या फरशीने सांडवला आणि सौ.ने जाहीर केले की आता ही फरशी या घरात राहील किंवा ती राहील.

मी त्याच रात्री वही घेऊन बसलो. दिवाणखाना १५ बाय १२ म्हणजे १८० चौरस फूट, स्वयंपाकघर आणि आतली खोली प्रत्येकी १२० आणि बोळ व देवघर मिळून ८०. एकूण ५०० चौरस फूट. दोन फूट बाय दोन फुटांची एक फरशी ४ चौरस फुटांची, म्हणून फरश्या १२५. भागाकार इतका स्वच्छ सुटला की मला गहिवरून आले. फरशीचा दर चौरस फुटाला ५२ रुपये धरून २६,००० आणि मजुरी २८ रुपये धरून १४,०००, एकूण ४०,००० रुपये. ही रक्कम मी दोन रेघांच्या मध्ये लिहिली आणि उत्तराखाली आपण लिहितो तसे एककही लिहिले.

हे एप्रिलात घडले. काम मे महिन्याच्या सुट्टीत उरकायचे ठरले होते. ते श्रावणात सुरू झाले, याचे श्रेय फरशीच्या निवडीला जाते. दुकानात सगळ्या फरश्या मला पांढऱ्याच दिसत होत्या, परंतु त्यांतली एक आयव्हरी होती, एक बेज होती आणि तिसरीचे नाव एखाद्या इटालियन सरदारासारखे होते. दुकानदार चकाकीविषयी बोलत असताना सौ.ने पर्समधून कागदाची एक पुडी काढली. पुडीत तेलात कालवलेली हळद होती. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिचा असा उपयोग मानांकन देणाऱ्यांच्याही ध्यानात आला नसेल. सौ.ने चार नमुन्यांवर बोटभर हळद फासली, दहा मिनिटे घड्याळ पाहिले आणि पदराने पुसले. दोन नमुने उत्तीर्ण झाले, एक काठावर पास झाला आणि खरखरीत पृष्ठभागाचा चौथा, जो दुकानदाराच्या मते 'घसरत नाही म्हणून उत्तम' होता, तो अजूनही त्या दुकानात पिवळाच असणार. ही परीक्षा आम्ही एकूण सहा दुकानांत घेतली. सहाव्या दुकानात आम्ही पायऱ्या चढू लागताच मालकाने चांगले नमुने आत नेऊन ठेवले, असा मला संशय आहे.

अखेर मोरबीहून आलेली एक फरशी पसंत पडली आणि मी खिशातून १२५ हा आकडा काढला. दुकानदार माझ्याकडे मायेने पाहू लागला. त्याने सांगितले की तुटफूट आणि कापाकापीसाठी दहा टक्के जास्त धरावे लागतात, आणि भिंतीच्या पायथ्याशी जी चार इंची पट्टी बसते, तिला स्कर्टिंग म्हणतात व ती आकाशातून पडत नसून फरशीतूनच कापावी लागते. सत्तावीस वर्षांत परिमिती आणि क्षेत्रफळ या दोन गोष्टींत गल्लत करू नका, असे मी मुलांना बजावत आलो. एकाच खोलीत दोन्ही एकाच वेळी विकत घ्यावी लागतात, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. दारे वगळून आमच्या घराची परिमिती १६० फूट भरली. एका फरशीतून सहा पट्ट्या निघायला हव्या होत्या, पण पाचच पूर्ण निघतात, कारण करवत स्वतःचा वाटा घेते आणि दोन फुटी फरशी मुळात दोन फुटी नसते.

हे शेवटचे मला खोक्यावर वाचायला मिळाले. खोक्यावर लिहिले होते: ६०० बाय ६०० मिलिमीटर, ४ नग, १.४४ चौरस मीटर. दोन फूट म्हणजे जवळपास ६१० मिलिमीटर. तेव्हा खोक्यातला माल १६ नव्हे, साडेपंधरा चौरस फूट भरतो. दुकानदार मात्र पैसे सोळाचे लावत होता. मी त्याला ४० खोक्यांचे २० चौरस फूट, म्हणजे १,०४० रुपये, असे तोंडी करून दाखवले. तो म्हणाला, "सर, सगळी सांगली सोळानंच घेते. मधला सांधा धरा की!" सांधा दोन मिलिमीटरचा असतो, हे मी सांगेपर्यंत त्याने चहा मागवला. इतका महाग चहा मी आयुष्यात प्यालो नाही.

बिल ४० खोक्यांचे झाले: ३३,२८० रुपये. "पक्कं बिल पाहिजे का, सर?" असे त्याने हळूच विचारले. मी अधूनमधून नागरिकशास्त्राचे बदली तासही घेतो, त्यामुळे मी मोठ्या आवाजात होय म्हटले आणि १८ टक्के जीएसटीसह आकडा ३९,२७० वर गेला. टेम्पोचे ९०० आणि हमालीचे ६०० दिल्यावर माझ्या अंदाजपत्रकातले ४०,००० रुपये संपून वर ७७० झाले होते, आणि घरात अजून एकही फरशी बसलेली नव्हती.

मिस्त्री नागपंचमीच्या आदल्या दिवशी आले. त्यांनी घरभर फिरून रबरी हातोड्याने फरश्या ठोकल्या, एका जागी कान लावला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसे मला ओट्यावर नेले. "सर, पाच ब्रासचं काम हाय. आधी सगळं उकरून खालनं सिमेंट-वाळूचा कोबा कराय लागतोय. वाळू तेवढी सांगून ठेवा, मी परवा येतो. उद्या शिराळ्याला जाऊन येतो."

येथे माझ्या हातून जी चूक झाली ती गणिताची नव्हती, मराठीची होती. मिस्त्री म्हणाले होते, 'वाळू तेवढी सांगून ठेवा.' मी ऐकले, 'तेवढी वाळू सांगून ठेवा.' बांधकामाच्या जगात ब्रास या शब्दाचे दोन अर्थ आहेत, ही गोष्ट त्या दिवसापर्यंत मला ठाऊक नव्हती. फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट आणि वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. एकाच शब्दाने क्षेत्रफळ आणि घनफळ मोजणाऱ्या विद्यार्थ्याला मी बाकावर उभा केला असता. मी पाच ब्रास क्रश सँड मागवली. काम दीड ब्रासचे होते.

पहिला डंपर आला तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या बोळात डंपर शिरत नाही, म्हणून त्याने बोळाच्या तोंडाशी ढीग केला आणि दुसरी खेप आणायला तो निघून गेला. सौ.चा फोन आला तेव्हा मी नेमके शंकूचे घनफळ शिकवत होतो. घरी येऊन पाहतो तो बोळाच्या तोंडाशी एक शंकू उभा होता, त्याच्या आत शेजाऱ्यांच्या दोन दुचाक्या अडकल्या होत्या, माथ्यावर गल्लीतली मुले होती आणि पायथ्याशी तीन कुत्री निश्चिंत झोपली होती. त्या दिवशी पुलाशी पाणी ३१ फुटांवर होते आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी होती, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण "सर, बांध घालताय काय?" असे विचारून जात होता. २२,५०० रुपयांच्या वाळूतली जास्तीची साडेतीन ब्रास पलीकडच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी कुंपणाच्या भिंतीसाठी ७,००० रुपयांना नेली, आणि जाताना आपण माझ्यावर उपकार केल्याची जाणीवही करून दिली.

मिस्त्री परवा आले नाहीत. ते तेरवाच्या दुसऱ्या दिवशी आले. सोबत दोन बिगारी होते आणि काम आठ दिवसांचे होते. काळ, काम आणि वेग यांचे गणित मी फार प्रेमाने शिकवतो. परंतु आमच्या पुस्तकातल्या गड्यांना भावकी नसते, त्यांचा मेहुणा म्हैसाळला घर बांधत नसतो आणि एकाच वेळी तीन ठिकाणी काम उचलण्याची कला त्यांना अवगत नसते. आमचे तीन गडी काही दिवस दोन असत, काही दिवस एक असे, आणि एके दिवशी नुसती त्यांची थापी आणि ओळंबा हजर होते. मी हजेरीची वही काढली. मिस्त्री म्हणाले, "सर, हजेरी घेऊ नका, शाळेत आल्यासारखं वाटतंय," आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच शाळेत असताना करीत तसे केले, म्हणजे आले नाहीत.

तरीही त्या माणसाच्या हाताविषयी मला आदर आहे, हे मला लिहिलेच पाहिजे. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी चारही भिंतींवर समपातळीच्या खुणा केल्या, न्हाणीघराकडे ढाळ किती हवा ते नजरेने ठरवले आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावून ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी मला बोलावले. आमच्या दिवाणखान्याची एक भिंत १५ फूट होती आणि समोरची १४ फूट ७ इंच. ज्या खोलीत बसून मी हजारो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि आयताची व्याख्या चुकल्याबद्दल गुण कापले, ती खोली जन्मापासून समलंब चौकोन होती. त्यात १२ फुटी भिंतीशी सहा फरश्या बसल्यावर दोन बोटांची फट उरली, कारण फरशी प्रत्येकी नऊ-दहा मिलिमीटर कमी होती. तिरकस भिंतीला पाचरीसारखे तुकडे आणि या फटीला चिंचोळ्या पट्ट्या कापता कापता कटरखाली इतक्या फरश्या गेल्या की ४० खोकी संपून देवघरापुढचा बोळ उघडाच राहिला. आणखी दोन खोकी आणली. कंपनी तीच, नमुना तोच, पण खोक्यावरचा शेडचा क्रमांक वेगळा. "काय कळत न्हाई, सर," असे मिस्त्री म्हणाले, आणि सकाळी साडेनऊ ते सव्वादहा, म्हणजे खिडकीतून ऊन येते तेवढा वेळ सोडला तर खरोखरच कळत नाही. पाहुण्यांना आम्ही अकरानंतर बोलावतो.

नवीन कोब्यामुळे घराची पातळी दोन इंचांनी वर आली. "पुराचं पाणी दोन इंच उशिरा येतंय की," अशी मिस्त्रींनी त्याची उपयुक्तता सांगितली. मात्र पुराच्या आधी दारे अडली आणि सुतार आला. सहा दारांचे तळ रंध्याने तासून त्याने १,८०० रुपये नेले. राडारोड्याच्या तीन ट्रॉल्या गेल्या. सिमेंटची २० पोती लागली. सांध्यांत भरायचे ग्राउट 'आयव्हरीला शोभेल असे' हवे म्हणून सौ. एका संध्याकाळी पुन्हा त्याच दुकानात गेल्या, आणि या वेळी त्यांच्या पर्समध्ये काय होते, हे मी विचारले नाही.

गणेश चतुर्थीच्या सकाळी गणपती आले तेव्हा बोळातले ग्राउट ओले होते, म्हणून मूर्ती घेऊन मी परसातून आत आलो. स्वयंपाकघराच्या दारामागची तीन फूट स्कर्टिंग तेवढी राहिली होती. मिस्त्री म्हणाले की उद्या तासगावचा रथ आहे, तो ओढून आलो की तासाभराचे काम. मीही सावध झालो होतो. त्यांच्या मजुरीतले २,८८० रुपये मी मागे ठेवले. तोवर एकूण खर्च ९५,००० च्या घरात गेला होता आणि वहीतल्या त्या दोन रेघांच्या मधले ४०,००० मी खोडलेले नव्हते, कारण रीत बरोबर असल्यास निम्मे गुण द्यावेत, असे आमच्याकडे ठरलेले आहे.

आता दिवाळी होऊन गेली. मिस्त्रींचा आठवड्यातून एकदा फोन येतो. ते विचारतात, "सर, बाकी?" मी विचारतो, "मिस्त्री, स्कर्टिंग?" बाकी मिळाली की ते येणार आहेत आणि ते आले की मी बाकी देणार आहे. मागच्या गुरुवारी ते मारुती चौकात मोटरसायकलवर दिसले, त्यांनी हात केला, मीही केला, आणि आम्ही एकमेकांच्या घरची खुशाली विचारली. दारामागच्या त्या तीन फुटांपुढे सौ.ने तूर्त तांदळाचा मोठा डबा सरकवून ठेवला आहे.