जुन्या जिप्सीची गेलेली उंची शॅकलने परत येत नाही

मारुती जिप्सी किंवा महिंद्राची जुनी जीप दारात आली की पाठोपाठ एक सल्लाही येतो. मित्र देतात, गॅरेजवाले देतात, फॉरवर्ड होत होत मोबाइलवरही येतो. सल्ला साधारण असा: गाडी बसली, म्हणजे तिची उंची कमी झाली असेल तर नव्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांच्या) भानगडीत पडू नका. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) लावा, वर एकेक जादा पाटा घाला, थोडक्या पैशांत चार इंच लिफ्ट, म्हणजे जादा उंची, मिळते. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची मोकळी जागा, तेवढाच वाढतो, पाटे कडक झाल्यामुळे गाडी मजबूत होते, बाकी कशाला हात लावावा लागत नाही आणि आरटीओही काही म्हणत नाही.

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. आणि मामला स्टिअरिंग-ब्रेकचा असल्यामुळे ते तसंच सोडून देणं मला पटत नाही. उदाहरणाला जिप्सी घेतो, कारण १९८५ च्या अखेरीस आलेली ही गाडी उत्पादन थांबेपर्यंत चारही चाकांना पाटे आणि पुढे-मागे अखंड हाउसिंग (दोन चाकांना जोडणारी ॲक्सलची सलग नळी) घेऊनच चालली. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जीपलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी ग्राउंड क्लिअरन्स. जिप्सीचा कंपनीने दिलेला आकडा २१० मिलिमीटर. अखंड हाउसिंगच्या गाडीत जमिनीला सगळ्यात जवळ असतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा. हाउसिंग चाकांना जोडलेलं, आणि पाटे हाउसिंग व चेसिसच्या मध्ये. म्हणजे पाटे, शॅकल, उंचीसाठी घातलेले ठोकळे यांतलं काहीही बदललं तरी वर जाते ती चेसिस. गोळा जिथे होता तिथेच राहतो. रस्त्यातला जो दगड काल गोळ्याला लागत होता, तो चार इंचांच्या लिफ्टनंतरही तिथेच लागणार.

गोळा वर न्यायचा असेल तर टायर मोठा लागतो, आणि तिथेही व्यासातली निम्मीच वाढ हाती येते. २०५/७० आर १५ या टायरचा व्यास ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ चा सुमारे ७०३ मिमी. फरक ३५, क्लिअरन्समध्ये मिळाले १७-१८ मिमी. २३५/७५ आर १५ पर्यंत गेलात तर साधारण ३३ मिमी, म्हणजे सव्वा इंच. त्याची किंमतही मोजावी लागते. गाडीचं गिअरिंग दहा टक्क्यांनी लांबतं, चढाला ओढ कमी पडते आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या आसपास असते.

लिफ्टचा काहीच उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही. चेसिसचं पोट, पुढचा बंपर आणि मागचं टोक यांना मोकळीक मिळते. बांधावर चढताना, नाल्यात उतरताना ती कामाला येते. मोठ्या टायरला मडगार्डखाली जागाही लागतेच. पण "क्लिअरन्स चार इंच वाढला" हे वाक्य अशा गाडीला कधीच लागू होत नाही.

आता शॅकल. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पाट्याचं एक टोक चेसिसला पक्कं असतं आणि दुसरं शॅकलवर झुलतं. हाउसिंग साधारण मध्यावर. त्यामुळे शॅकल दोन इंचांनी लांब केला तर हाउसिंगच्या जागी उंची मिळते एक इंच. चार इंच हवे असतील तर आठ इंच जादा लांबीचा शॅकल लागेल, आणि तसा शॅकल लावलेली गाडी वळणावर पाट्यांवरच आडवी डोलायला लागेल.

उंचीपेक्षा गंभीर गोष्ट दिसत नाही ती. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांबवला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, पाटा पुढे झुकतो, आणि त्याला यू बोल्टने आवळलेलं हाउसिंगही त्याच्याबरोबर फिरतं. तीन फुटांच्या पाट्याचं एक टोक दोन इंच खाली गेलं तर हा फेर तीन अंशांपेक्षा थोडा जास्त होतो. ऐकायला किरकोळ वाटतो. पण चाक ज्याभोवती वळतं तो खिळा, म्हणजे किंग पिन, मागे झुकलेला असतो तो कोन, म्हणजे कॅस्टर, अशा गाड्यांत मुळातच मोजक्या अंशांचा असतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते याच कोनाच्या जोरावर. तो गेला की सत्तरच्या वेगाला गाडी रस्त्यावर भटकते, स्टिअरिंग सतत धरून ठेवावं लागतं, आणि एखादा खड्डा लागताच पुढची चाकं व्हॉबलिंग करतात. मग मालक अलाइनमेंटवाल्याकडे जातो. तो टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते, बघतो, आवळून देतो, गाडी तशीच राहते. अखंड हाउसिंगला कॅस्टर फिरवायचा नटच नसतो. पाटा आणि हाउसिंगची बैठक यांच्यामध्ये उतरती पाचर बसवणं हाच उपाय, आणि शॅकल विकणारा पाचरेचं नावही काढत नाही.

मागे शॅकल मागच्या टोकाला. तो लांबवला की पिनियनचं, म्हणजे डिफरन्शियलमध्ये जोर आत नेणाऱ्या गिअरचं, तोंड वर उचललं जातं. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचा) आउटपुट आणि पिनियन एकमेकांना समांतर असतील तरच त्यांना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे दोन क्रॉस, म्हणजे सांधे, एकमेकांचा झटका खाऊन टाकतात. समांतरपणा गेला की ठरावीक वेगाला फरशीखालून गुरगुर ऐकू येते. लोक क्रॉस बदलतात, पुन्हा बदलतात. क्रॉसचा दोष नसतो.

"एकेक पाटा जादा घाला" हा भाग मला अर्धा मान्य आहे. गाडीवर कायमचं जादा वजन असेल तर जादा पाटा हे योग्यच काम आहे. ताडोबात सफारीला फिरणाऱ्या जिप्सींत पर्यटक, गाइड, ड्रायव्हर अशी भरगच्च माणसं बसतात, तिथे मूळ पाटे पुरणार नाहीत. पण आपल्या गाडीत दोन माणसं आणि एक बॅग. तिथे जादा पाटा गाडीला वर धरतो तो ताठरपणाच्या जोरावर, आणि हा ताठरपणा फार झपाट्याने वाढतो. पाट्यांची संख्या वाढवली तर त्याच प्रमाणात, पण जाडी वाढवली तर तिच्या घनाच्या प्रमाणात. सहा मिलिमीटरच्या जागी आठचा पाटा घातला की तो एकटा पाटा जवळजवळ २.४ पट कडक होतो. मोठ्या गाडीचा पाटा कापून जिप्सीत घालतात तेव्हा नेमकं हेच घडतं.

आणि कडक म्हणजे मजबूत नव्हे. जिप्सीला कारखान्यातून डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कडी) मिळत नव्हता. एक चाक हवेत गेलं की त्या हाउसिंगचा सगळा जोर हवेतल्या चाकात वाया जातो. चाक जमिनीवर ठेवायचं काम पाट्याच्या लवचिकपणाचं. पावसाळ्यात मावळातल्या एखाद्या चिखलाच्या चाकोरीत मूळ पाट्यांची गाडी चारही चाकं टेकवत निघून जाते, आणि कडक केलेली, उंच, दिसायला दणकट गाडी दोन चाकं फिरवत तिथेच उभी राहते. मला मऊ पाट्यांची गाडी शंभर वेळा आवडेल.

याच मुद्द्याला जोडून आणखी एक शिफारस असते: जुने पाटे गॅसने तापवून कमान भरून घ्या. पाट्याचं पोलाद पाणी दिलेलं असतं, कोयत्याला देतात तसंच. लाल होईपर्यंत तापवून वाकवलं आणि तसंच गार होऊ दिलं की ते पाणी उतरतं. कमान छान दिसते, गाडी उचललेली दिसते आणि काही महिन्यांत पुन्हा बसते. ज्याच्याकडे पाटा भट्टीत समान तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला आणायची सोय आहे त्याच्याकडून करून घ्यायला हरकत नाही. गॅसच्या नळीवर मात्र नको. पुढचा मुख्य पाटा तुटला तर हाउसिंग एका बाजूने मागे सरकतं आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. घाटात हे घडू नये.

"बाकी कशाला हात लावावा लागत नाही" या वाक्याला उत्तर द्यायला गाडी जॅकवर घ्यावी. चेसिसला जॅक लावून पुढची दोन्ही चाकं लटकू द्या आणि आतल्या बाजूने ब्रेकचा रबरी होज बघा. मूळ गाडीत त्याला सैल वळण असतं. चार इंचांच्या लिफ्टनंतर, जुनाच होज ठेवला असेल तर तो ताणून सरळ झालेला दिसतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या पितळी जोडांजवळ रबराला बारीक चिरा पडलेल्या असतील तर त्या ताणाने उघडतात. आता स्टिअरिंग एका टोकाला फिरवा, ताण आणखी वाढेल. ब्रेक या होजमधून येतो.

शॉकअपचंही तसंच. जुना शॉकअप पूर्ण उघडून थांबतो आणि पुढचा प्रत्येक हिसका त्याच्या आतल्या थांब्यावर बसतो. शेवटी तो टोकाच्या डोळ्यातून, म्हणजे कडीतून, तुटतो, नाहीतर तेल सोडतो. ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग चाकांशी जोडणारा दांडा, तिरकी होते, त्यामुळे पाटे दबले की स्टिअरिंग स्वतःहून थोडं फिरतं. मोठे टायर असतील तर बंप स्टॉप (हाउसिंग फार वर येऊ न देणारे रबरी ठोकळे) खाली आणावे लागतात, नाहीतर टायर मडगार्डला घासतो.

पाटे हाउसिंगच्या खालून काढून वर चढवण्याचा प्रकार आणखी पुढचा. उंची खूप मिळते, पण हाउसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, त्यांचा कोन एक-दोन अंशांनी चुकला तर कॅस्टर आणि पिनियन दोन्ही कायमचे चुकतात. जोर लागला की पाटा इंग्रजी एस सारखा वळतो, हेही आहेच. ज्याला फिक्स्चर (भाग नेमक्या कोनात धरणारा साचा) लावून काम करता येतं त्याचंच हे काम.

आपल्याकडे २०१० मध्ये महिंद्राची थार सीआरडीई आली, तिच्या पुढच्या बाजूला पाट्यांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळाने स्प्रिंगचं काम करणारे दांडे, आहेत. तिच्याबाबत सल्ला असतो, "बोल्ट फिरवा, लिफ्ट फुकट." तिथे पुढचा डिफरन्शियल चेसिसला जोडलेला असल्यामुळे तो खरंच वर जातो, हे मान्य. मागचं हाउसिंग मात्र जिथल्या तिथे. आणि बार कडक होत नाही, फक्त चाकाची खाली जाण्याची जागा खर्च होते, ॲक्सलचे जॉइंट तिरके चालतात, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडतो.

उलटण्याचा प्रश्न कुणी काढला की "हळू चालवायची" एवढंच उत्तर मिळतं. गाडी आडवी किती स्थिर आहे याचं साधं माप म्हणजे दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. जिप्सीची रुंद आवृत्तीसुद्धा चाकांमध्ये १,३०० मिलिमीटरच्या आसपास, आधीची त्याहून अरुंद. वरची संख्या लहान आहेच, लिफ्टने खालची वाढते. जिप्सीच्याच घराण्यातल्या सुझुकी समुराईला अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने १९८८ मध्ये उलटण्याच्या कारणावरून अस्वीकारार्ह ठरवलं होतं. सुझुकीला ती चाचणी मान्य नव्हती, खटला चालला, २००४ मध्ये तडजोड झाली. चाचणीबद्दल कुणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण तो सगळा वाद मूळ उंचीच्या गाडीवरून झाला होता.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम तसंच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला नोंदणी वाढवण्यासाठी तपासणीला न्यावंच लागतं. मूळ मापाचे पाटे नवे घालणं ही दुरुस्ती आहे, तिच्यावर कुणाचा आक्षेप नसतो.

म्हणून गाडी खरंच बसली आहे का, ते आधी टेप लावून बघा. सपाट जागी, हवा सारखी भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी माप घ्या. ड्रायव्हरची बाजू कमी भरणं नेहमीचं आहे, कारण त्या बाजूला माणूस कायम असतो. मग शॅकलच्या पिना आणि बुश (पिनांभोवतीच्या रबरी नळ्या) बघा. पुष्कळ गाड्यांत पाटा ठीक असतो आणि बुश खाऊन पिना खेळत असतात. पाटे सोडवले तर एकेक सुटा करून ब्रशने घासा, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडा आहे का ते उजेडात धरून बघा. पाटे बदलायचे तर डावे-उजवे एकदमच. यू बोल्ट जुने वापरू नका, ते एकदा ताणले की तसे आवळत नाहीत. शॅकलचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शेवटचे आवळा, लटकलेली असताना आवळले तर बुश पिळला जाऊन लवकर फाटतो.

एवढं केल्यावर बहुतेक गाड्यांना मूळ उंची परत मिळते, आणि अनेकांची लिफ्टची इच्छा तिथेच संपते. तरीही दीड-दोन इंच हवेच असतील तर उंच कमानीचे, पण मूळ ताठरपणाचे पाटे घ्या. सोबत लांब शॉकअप, लांब होज, कॅस्टरची पाचर, बंप स्टॉप. हे सगळं एकाच वेळी, एकाच बिलात. पैसे पुरत नसतील तर काम पुढे ढकला, अर्धा संच बसवू नका. आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना ते हमखास सैल पडतात.